सुधीरने न ऐकलेला अल्बम

किस्से हे आमच्या फ्रीजरमधल्या डब्यांसारखे असतात. आइस्क्रीम संपलं की डबा धुऊन त्यात उरलेली आमटी जाते, तिच्या शेजारी छोले, त्यावर कुणाच्या तरी बारशाचा शिरा. बाहेरून सगळ्यांवर लेबल व्हॅनिलाचं. वर्षभराने एखादा डबा काढावा तर आत काय निघेल सांगता येत नाही. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये, सात महिने एका अल्बमचं रेकॉर्डिंग चाललं. तेव्हापासून माझ्याकडे असे डबे इतके साठलेत की फ्रीजरचं दार लागत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काका, लिहून काढा. पण घडलं तेवढंच लिहा हं."

मी म्हटलं, "मग अर्धं पान पुरे."

त्या हसल्या नाहीत. संपादक हसत नसतात. म्हणून बसलोय लिहायला.

आधी माणसं सांगून टाकतो, म्हणजे मधेच विचारायला नको. रेवा माझी पुतणी. जन्म इथला, शाळा इथली. मराठी सगळं कळतं, बोलते निम्मं. ती आर अँड बी गाते, म्हणजे रिदम अँड ब्लूज. हे काय असतं ते मला माहीत नव्हतं. सात महिने डोक्याखाली, म्हणजे पायाखाली, ऐकल्यावर कळलं: एकच दुःख, चार मिनिटं, घाई न करता. सुधीर हा तिचा बाप आणि माझा धाकटा भाऊ. पुण्यात इंजिनियर झाला, इथे येऊन तीस वर्षं मोटारींच्या ब्रेकवर काम केलं आणि रिटायर झाला. स्वभावसुद्धा तोच. कुठलीही गोष्ट सुरू व्हायच्या आधी ती थांबणार कशी हे बघायचं. वृंदा त्याची बायको, सगळ्यांना जेवायला घालून मग मत सांगणारी. आणि मी. बार्शीत सायकलचं दुकान होतं. नववी दोनदा नापास, त्यात दुसऱ्यांदा जरा बऱ्या मार्कांनी. अठरा वर्षांपूर्वी सुधीरने बोलावून घेतलं, तेव्हापासून त्याच्याच घरात राहून त्याचीच चेष्टा करतो.

आता मुद्दा. रेवाचे पहिले दोन अल्बम पडले. पहिला मंडळातल्या लोकांनी निदान ऐकला. दुसऱ्याच्या वेळी "ऐकतो हं, नक्की ऐकतो" म्हणाले. रेकॉर्ड कंपनीने कळवलं, तिसरा शेवटचा. चालला तर ठीक, नाही तर तू तुझं बघ. रेवाने बघूनही ठेवलं होतं. एका दाताच्या डॉक्टरांकडे फ्रंट डेस्कची जागा होती.

पण घरात खरी अडचण वेगळीच झाली. पहिले दोन्ही अल्बम ज्या दिवशी बाहेर आले त्या दिवशी सुधीरने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, वही घेऊन, ऐकले होते. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की तो ऐकतो म्हणून ते पडतात. हाच माणूस कॉलेजात असताना मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच्या मागून चालत जायचा. तो मला म्हणाला, "दादा, दोन डेटा पॉइंट झालेत. मला तिसरा नकोय."

"अरे, पोरीला काय वाटेल?"

"तिला सांग, यश मिळालं की ऐकीन."

मी जाऊन सांगितलं. रेवा एवढंच म्हणाली, "म्हणजे आधी स्ट्रेंजर्सना आवडायला पाहिजे. देन बाबा." आणि जिना उतरून खाली गेली.

 

* * *

बेसमेंटमध्ये प्रोड्यूसर आला तो टेरेन्स. साठीचा, डेट्रॉइटचा, लहानपणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला शिकलेला. उंची सहा फूट चार इंच. दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन "अगेन".

आमच्या बेसमेंटचं छत बुटकं आहे. शेवटच्या पायरीवर तर एक आडवी तुळई अशी आलीय की सुधीरच्या इंजिनियर मित्रांपैकी निम्म्यांच्या कपाळावर तिची खूण आहे. पहिल्या दिवशी टेरेन्स उतरायला लागला तसं मी त्याला थांबवलं. अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "आमच्यात कामाच्या जागी शेवटच्या पायरीवर मान लववून नमस्कार करतात. विद्येची देवता असते तिथे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मान लववली. तुळई त्याच्या डोक्याच्या दोन बोटं वरून गेली.

सात महिने रोज. सकाळी आला की नमस्कार, जेवायला वर गेला आणि परत आला की नमस्कार. त्याचं बघून ड्रम वाजवणारा वाकायला लागला. वृंदा मला म्हणाली, "भाऊजी, किती श्रद्धाळू माणूस आहे हो. आपली पोरं साधी देवघराकडे बघत नाहीत." मी म्हटलं, "संस्कार."

शेवटच्या दिवशी सामान आवरून झाल्यावर टेरेन्सने मला जवळ बोलावलं. म्हणाला, "तो बीम मला पहिल्याच दिवशी दिसला होता."

"मग वाकायचास कशाला?"

"तू इतक्या मनापासून सांगत होतास."

* * *

रेकॉर्डिंग सुरू झालं जानेवारीत. घर लाकडाचं, आवाज कुठूनही कुठेही जातो. सुधीरने गाणं कानावर पडू नये म्हणून कारखान्यातले कान झाकायचे मोठे मफ काढले. ते घालून तो घरभर फिरायचा. वृंदा हाक मारायची, याला ऐकू यायचं नाही. चार दिवसांनी ती म्हणाली, "लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझं न ऐकायला तुम्हाला यांची गरज कधी लागली नव्हती." मफ परत गेले.

मग तो घरापुढच्या ड्राइव्हवेमध्ये गाडीत जाऊन बसायला लागला. बाहेर बर्फ, आत सुधीर. डोक्यावर कानटोपी, हातात वर्तमानपत्र. तीन-तीन तास. समोरच्या म्हातारीने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पोलिसांना फोन केला.

पोलीस तरुण होता, फार सभ्य. खिडकीवर टकटक करून म्हणाला, "सर, आपण इथे काय करताय?"

सुधीर खोटं बोलत नाही. त्याला येतच नाही. म्हणाला, "मी माझ्या मुलीचं गाणं ऐकत नाहीये."

"आपली मुलगी कुठे आहे?"

"घरात."

"आणि ती गातेय?"

"ते मला माहीत नाही. म्हणून तर इथे बसलोय."

पोलिसाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आपण यांचे कोण?"

मी म्हटलं, "मी यांना ओळखत नाही."

त्यानंतर मला अर्धा तास लागला ओळख पटवायला. सुधीर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही आणि गाडीत बसणं बंद झालं. मग तो लाँड्री रूममध्ये बसायला लागला, ड्रायर चालू करून. आत कपडे नाहीत, नुसता घरघर आवाजासाठी. तो आवाज टेरेन्सच्या माइकमध्ये आला. टेरेन्स वर येऊन म्हणाला, "नो ड्रायर." शेवटी सुधीरने वरच्या मजल्यावरची बाथरूम गाठली. पुस्तक घेऊन जायचा, दोन तासांनी यायचा. वृंदाने त्याला इसबगोल द्यायला सुरुवात केली. त्याने खुलासा न करता ते घेतलं.

* * *

ऐकायचं नाही म्हणजे वाचायचं नाही असं नव्हे, हा सुधीरचा नियम. रेवा गाण्यांचे कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून जायची. मुद्दाम ठेवायची का, हे मी विचारलं नाही. सुधीर ते लाल पेनने तपासायचा, ब्रेकचं डिझाइन तपासावं तसं.

ओळ होती, मी हजार हिवाळे तुझी वाट पाहिली. समोर शेरा: "तुझं वय एकतीस."

ओळ होती, माझं काळीज गोठून गेलं. शेरा: "गराजचं दार उघडं राहतंय. तीनदा सांगितलं."

एका गाण्यात तिने पंधरा वेळा 'बेबी' लिहिलं होतं. त्याने चौदा खोडले.

रेवा हे कागद फ्रीजवर मॅग्नेट लावून टांगायची. टेरेन्स चहा प्यायला वर आला की ते वाचायचा. मराठी शेरा असला की मी भाषांतर करून द्यायचो. थोडं माझंही मिसळायचो त्यात.

मग आलं ते 'स्टॉर्म डोअर'. थंडीच्या गावात घराच्या मुख्य दाराबाहेर काचेचं आणखी एक दार असतं, ते. रेवाने त्यावर गाणं केलं होतं की वादळ आलं तेव्हा तू ते दार लावून घेतलंस, वगैरे. सुधीरचा शेरा पान भरून: "या दाराचा वादळाशी फारसा संबंध नाही. दोन दारांच्या मधे जी हवा अडकते तिच्यामुळे घर ऊबदार राहतं. दार महत्त्वाचं नाही. मधली हवा महत्त्वाची."

रेवा तो कागद हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं चिडली. कागद घेऊन खाली गेली. संध्याकाळपर्यंत जुनं गाणं गेलं आणि नवं आलं: तू एक दार, मी एक दार, आपल्या मधली हवा घर गरम ठेवते. अल्बमचं नावसुद्धा तेच ठरलं, 'स्टॉर्म डोअर'. पुढे देशभर लोक ती ओळ म्हणत होते, लग्नांत म्हणत होते, एका जोडप्याने तर घटस्फोटातही वापरली म्हणे.

नवा कागद टेबलावर आला तेव्हा सुधीरने तो दोनदा वाचला. खाली लिहिलं: "आता टेक्निकली बरोबर आहे."

* * *

एका गाण्याला टाळ्या हव्या होत्या. टेरेन्स म्हणाला, मशीनच्या नकोत, माणसांच्या हव्यात. मी म्हटलं, माणसं मी आणतो.

मंडळातली बारा जणं आणली. पुढारी दामले काकू. त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत, पण काकू हे आमच्यात पद आहे, वयाशी त्याचा संबंध नाही. मी सगळ्यांना फोनवर हळूच सांगितलं होतं की शूटिंग आहे. त्यामुळे भर मार्चमध्ये बर्फाचे बूट घालून बारा जणं पैठण्या आणि झब्बे सावरत बेसमेंटमध्ये उतरली. कॅमेरा नाही हे कळल्यावर काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही वर जाल तेव्हा तुम्हाला तिथेही कुणी आत घेणार नाही." टेरेन्सला बांगड्यांचा आवाज ऐकू आला आणि तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "ठेवा. बांगड्या ठेवा."

सगळ्यांच्या कानात हेडफोन घातले. त्यात टिक टिक टिक असा ठेका, त्यावर टाळी द्यायची. पहिली दहा-वीस सेकंद झकास. मग दामले काकूंचा हात जरा पुढे सरकला. त्यांच्या मागे जोशी, जोशींच्या मागे सगळे. अर्ध्या मिनिटात अशी द्रुत लय धरली की एक जण डोळे मिटून डुलायला लागला. गाणं संपायला दोन मिनिटं होती आणि हे सगळे पोचून, हात जोडून उभे.

"अगेन," टेरेन्स म्हणाला.

नऊ वेळा. नऊही वेळा तसंच. सुरुवात बैलगाडीने, शेवट घोड्यावर. टेरेन्सने शेवटी शांतपणे विचारलं, "तुम्ही वेग का वाढवता?"

काकूंना प्रश्नच कळेना. "वेग कुठे वाढवला? आरती पुढे जाते तसे गेलो."

"पण घाई कसली आहे?"

"घाई नाही हो. मागे नैवेद्य ठेवलेला असतो."

टेरेन्स कपाळ चोळत बसला. मग उठून त्याने टिकटिक बंद केली आणि वाजवणाऱ्या पोरांना सांगितलं, "तुम्ही यांच्या मागे पळा." ते गाणं शेवटी असं सुसाट का सुटतं यावर लोकांनी काय काय लिहिलंय. दक्षिणेतल्या जुन्या चर्चची परंपरा, गुलामगिरीच्या काळातली रीत. मी सगळं वाचलंय. दामले काकूंचं नाव कुठे नाही.

आता कार्यक्रमात त्या जागी हजारो माणसं टाळ्यांचा वेग वाढवत नेतात. काकूंना मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण बघितला.

"छान आहे," म्हणाल्या. "पण रेंगाळतात."

* * *

ऑक्टोबरात अल्बम बाहेर आला. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात कंपनीचा जो माणूस वर्षभर रेवाचा फोन उचलत नव्हता, त्याने आपण होऊन केला. तिसऱ्या आठवड्यात त्याने फुलं पाठवली. खपाच्या यादीत वर, आणखी वर, असं करत करत अल्बम वरच जाऊन बसला. दाताच्या डॉक्टरांना रेवाने नम्रपणे नाही कळवलं.

मी सुधीरला म्हटलं, "घे, यश मिळालं. ऐक आता."

"आता तर मुळीच नाही," तो म्हणाला. "चढतोय. मी ऐकलं आणि घसरला तर?"

"अरे, तू म्हणाला होतास यश मिळालं की ऐकीन."

"स्टेबल होऊ दे."

रेवा तेव्हा कॅलिफोर्नियात होती. फोनवर ती आईशी सगळं बोलायची आणि शेवटी विचारायची, "बाबांनी ऐकलं?" वृंदा म्हणायची, "ऐकतील गं." हे इतके वेळा झालं की मी ठरवलं, याला ऐकवायचंच. रेवाचं गाणं लावून एक छोटा स्पीकर तांदळाच्या डब्यात ठेवला. सुधीर रोज सकाळी कुकर लावतो. त्याने झाकण उघडलं, आतून ढोलाचे दोन ठोके आले, तेवढ्यात त्याने झाकण बंद केलं. ओट्यावर डबा ठेवून कानांवर हात दाबत बाहेर गेला. आम्ही चार दिवस पोळ्या खाल्ल्या.

पण जगाला माझी मदत लागली नाही. गाणं सगळीकडे वाजायला लागलं. सुधीर दुधाला गेला की दुकानात तेच, तो दूध न घेता परत. केस कापायला गेला, तिथे तेच. अर्धे कापून परत. आठवडाभर तसाच हिंडला. नोव्हेंबरात घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली म्हणून त्याने दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. तिकडून बाई म्हणाली, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," आणि लाइनवर रेवा गायला लागली.

त्याने फोन ठेवून दिला. पुन्हा केला, पुन्हा रेवा. पुन्हा ठेवला.

दोन दिवस आम्ही घरात कोट घालून बसलो. तिसऱ्या दिवशी मी फोन केला. मला चाळीस मिनिटं होल्डवर ठेवलं. तेवढ्यात मी अख्खा अल्बम ऐकला.

* * *

कंपनीने भिंतीवर लावायला सोनेरी तबकडी पाठवली, काचेच्या चौकटीत. वृंदाने तिला हळद-कुंकू वाहिलं. नागपूरची तिची मावशी व्हिडिओ कॉलवर होती. तिने विचारलं, "किती तोळ्यांची गं?"

वृंदा म्हणाली, "मावशी, नुसता मुलामा असतो."

 मावशी म्हणाली, "लग्नाचं बघा आता तिच्या."

* * *

अल्बमच्या कव्हरवर फोटो आहे तो आमच्याच बेसमेंटमधला. रेवा पायरीवर बसलीय आणि मागे वॉशिंग मशीनवर मंडळाचं मोठं स्टीलचं पातेलं आहे. गणपतीचा मसालेभात त्यात होतो. वर्षातले बाकीचे दिवस ते आमच्याकडे असतं. फोटोवाला म्हणाला, प्रकाश छान परततोय, राहू दे.

आता आपल्यात भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं देत नाहीत. त्या पातेल्यावरही कोरलेलं आहे, आणि कव्हरवर ते अगदी स्पष्ट वाचता येतं.

क्लीव्हलंडच्या कार्यक्रमाला मी रेवाबरोबर गेलो होतो. संपल्यावर एक मुलगी भेटायला आली, विशीतली, गोरी, डोळ्यांत पाणी. तिने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत, सुंदर अक्षरात, गोंदवलेलं होतं: 'कै. सुशीलाबाई दामले यांच्या स्मरणार्थ मंडळास सप्रेम भेट.'

रेवाला देवनागरी हळूहळू वाचता येतं. ती 'दामले'पर्यंत पोचली आणि खाली बघायला लागली. मुलगी मला म्हणाली, "सर, तुम्हाला ही भाषा येते ना? मला कुणीतरी सांगितलं की याचा अर्थ, जे गेलं त्याला प्रेमाने निरोप द्यायचा. वर्षभर मी फार वाईट अवस्थेत होते. हे बघून मी रोज उठते. बरोबर आहे ना अर्थ?"

मी आयुष्यभर लोकांच्या फिरक्या घेतल्या. अशी आयती संधी पुन्हा येणार नव्हती.

मी म्हटलं, "अगदी बरोबर आहे."

घरी आल्यावर दामले काकूंना सांगितलं. सुशीलाबाई त्यांच्या सासूबाई. काकू म्हणाल्या, "त्यांना फार हौस होती हो प्रवासाची. मामंजी कुठे नेत नसत."

* * *

ऑगस्टात रेवाचा डेट्रॉइटमध्ये कार्यक्रम होता, नदीकाठी, उघड्यावर, रविवारी दुपारी. घरापासून अर्ध्या तासावर. आदल्या दिवशी तिने घरी फोन केला आणि वृंदाला म्हणाली, "आई, फोन बाबांना दे."

सुधीरने फोन घेतला. मी शेजारी वाटाणे सोलत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, उद्या या. अल्बम नका ऐकू. मला ऐका."

सुधीरने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग म्हणाला, "लाइव्ह म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अल्बम नव्हे."

"नव्हेच."

"पार्किंग कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दोन तास आधी पोचलो, कारण सुधीर गाडी चालवत होता. स्टेजमागच्या तंबूत रेवा गरम पाणी पीत बसली होती. टेरेन्स कोपऱ्यात त्याच्या वायरी गुंडाळत होता. वृंदाने डबा काढला. सुधीर उभाच. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. रेवाच्या केसांकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणणार, बूट घसरतील.

तो म्हणाला, "सातवं गाणं. ते संथ आहे ते."

"हो?"

"दुसऱ्या कडव्यात शेवटची ओळ लांब आहे. तिच्या मधे तू श्वास घेतेस."

रेवाने कप खाली ठेवला.

"फेब्रुवारीत एका बुधवारी," सुधीर म्हणाला, "तिसऱ्यांदा गायलीस तेव्हा घेतला नव्हतास. एका दमात गेली होतीस. नंतर सगळ्या वेळी घेतलास. ते पहिलं जास्त चांगलं होतं."

 वृंदाच्या हातात डब्याचं झाकण होतं, ते तसंच. रेवाने टेरेन्सकडे बघितलं. टेरेन्सने वायर खाली ठेवली, वर बघून आठवल्यासारखं केलं.

"टेक थ्री," तो म्हणाला. "ही इज राइट."

सुधीरने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "चला, जागा धरायला हव्यात." आणि बाहेर पडला.  

पुढून तिसऱ्या रांगेत बसलो. सुधीर मधे, डावीकडे मी आणि माझ्या पलीकडे वृंदा, उजवीकडे एक अनोळखी बाई, मोठी हॅट घातलेली. ऊन होतं, नदीवरून वारा येत होता. सहा गाणी झाली. सुधीर मांडीवर हात ठेवून सरळ बसला होता, मोटारीची टेस्ट बघतात तसा. सातवं सुरू झालं. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं. शेवटच्या ओळीपाशी रेवाने डोळे मिटले आणि ती ओळीत शिरली. ती निम्म्यावर आली तरी थांबली नाही. पुढे निघाली.

मी सहज सुधीरकडे बघितलं. त्याची छाती फुगलेली, ओठ घट्ट मिटलेले, गळ्याची शीर वर आलेली. चेहरा लाल होत चालला होता. ओळ अजून चालूच होती.

हॅटवाल्या बाईंनी त्याच्याकडे बघितलं. घाबरून त्याच्या दंडाला हात लावला. "सर? सर, आर यू ओके?"

सुधीरने स्टेजवरची नजर हलवली नाही. फक्त एक हात वर केला, पंजा उघडा, थांबा असा.